वायफाय लागत नाही, म्हणून लिनक्स काढायचं का?



आज पाठ नाही, निबंध नाही. आज थोडं मत मांडणार आहे, आणि विषय आहे शाळेतल्या लॅपटॉपचा.

आपल्याकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं. "मॅडम, याच्यावर लिनक्स आहे ना, म्हणून वायफाय लागत नाही. विंडोज टाकून घ्या." तालुक्याचा दुरुस्तीवाला हेच सांगतो, शिक्षण परिषदेत शेजारी बसलेले सर हेच सांगतात, आणि घरी मुलासाठी जुना लॅपटॉप घेतलेले पालकही हेच ऐकून येतात. मग लॅपटॉप दुकानात जातो. तिथे पाचशे-सातशे रुपयांत कुठलंतरी क्रॅक केलेलं विंडोज बसतं. येताना वायफाय चालू होऊन येतं, आणि सगळ्यांची खात्री पटते की दोष लिनक्सचाच होता.

माझं मत स्पष्ट आहे. वायफाय लागत नाही एवढ्या कारणावरून लिनक्स काढणं म्हणजे उपचार नाही. आणि "वायफाय लागत नाही" ही मुळात एक तक्रारच नाही. त्या तीन शब्दांत सात-आठ वेगवेगळे आजार लपलेले असतात. त्यातले निम्मे असे आहेत की विंडोज टाकलं असतं तरी तसेच राहिले असते.

एखादं मूल म्हणतं, "बाई, मला वजाबाकी येत नाही." आपण काय करतो? मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवत नाही. आपण त्याच्या वहीत बघतो. बिनहातच्याची येते का? येते. हातच्याची? चुकते. कुठे चुकते? वरच्या संख्येत मधे शून्य आलं की चुकते. सापडलं. आता दहा मिनिटांचं काम आहे. डी.एड.ला आपल्याला निदानात्मक चाचणी शिकवली ती यासाठीच. मग लॅपटॉपच्या बाबतीत आपण निदान न करता थेट ऑपरेशनला का पाठवतो, हा माझा प्रश्न आहे.

हा विषय आत्ताच काढण्याचं कारण सांगते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीची सोय दिली गेली, पण ती कायमची नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्या शाळांत लोकसहभागातून किंवा एखाद्या कंपनीच्या जुन्या सामानातून आलेले लॅपटॉप बहुतेक त्याआधीचे. त्यामुळे त्यांच्यासमोर तीनच वाटा आहेत. जुनं विंडोज तसंच असुरक्षित चालवायचं, क्रॅक टाकायचं, नाहीतर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून ते आणखी काही वर्षं नीट वापरायचे. ज्या लॅपटॉपवर आपण मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे फोन नंबर भरतो, त्यावर कुणी बनवलं हे माहीत नसलेलं क्रॅक बसवायला मला तरी भीती वाटते. पालकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ती.

म्हणजे तिसरी वाट. आणि त्या वाटेवर पहिला दगड लागतो तो वायफायचा. हा दगड खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो उचलता येतो.

सगळ्यात आधी एक युक्ती, कारण ही माहीत नसली की पुढचं सगळं अडतं. लोक म्हणतात, नेट नाही तर नेट दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आणायचं कुठून? विहीर खणायला पाणी मागण्यासारखं आहे. तर चार्जिंगची केबल घ्या. मात्र ती डेटा जाणारी हवी, काही स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला हा फोन वायरचं नेट असल्यासारखा दिसतो. वेगळं काही टाकावं लागत नाही, बहुतेक वेळा काही सेकंदांत नेट येतं. मुख्याध्यापकांना आज संध्याकाळपर्यंत ऑनलाइन माहिती भरायची असेल तर ती अशी भरा, आणि वायफायचं निदान उद्या शांतपणे करा. घाई आणि निदान एकत्र करू नये. घाईत माणूस चार गोष्टी एकदम बदलतो आणि मग कशानं काय झालं ते कळत नाही.

आता निदान. पहिला प्रश्न असा, की स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? वायफायचा पर्यायच दिसत नाही, की पर्याय आहे पण यादी रिकामी आहे? की यादी आहे पण आपलं नाव नाही? की नाव आहे पण पासवर्ड परत परत मागतो? की जोडलं गेलंय पण पान उघडत नाही? की उघडतं आणि दर पाच मिनिटांनी तुटतं? दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी एवढं जरी आपण नीट सांगितलं तरी अर्धं काम झालं. मी मुलांना सांगते, "चालत नाही" हा शब्द संगणकाच्या तासाला बंद. काय दिसतंय ते सांगा.

पर्यायच दिसत नसेल किंवा वायफाय बंद दाखवत असेल तर आधी कीबोर्ड बघा. वरच्या रांगेत एका कळीवर अँटेनाचं किंवा विमानाचं चित्र असतं. जुन्या लॅपटॉपला तर कडेला चक्क एक सरकवायचं बटण असतं. दप्तरातून काढताना ते सरकतं आणि वायफाय बंद होतं. हे तपासायला लिनक्समध्ये एक छान आज्ञा आहे, आरएफकिल लिस्ट. (आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या लिपीत टाइप करायची. आर, एफ, के, आय, एल, एल, मग जागा सोडून लिस्ट.) उत्तरात दोन ओळी येतात. सॉफ्ट ब्लॉक्ड येस असेल तर सॉफ्टवेअरनं बंद केलंय, आरएफकिल अनब्लॉक वायफाय म्हटलं की सुटतं. हार्ड ब्लॉक्ड येस असेल तर बटणानं बंद आहे, तिथे कितीही आज्ञा द्या, बोटानंच सुटणार. या दोन ओळींतला फरक मुलांना फार आवडतो. दाराला आतून कडी आहे की बाहेरून कुलूप, असं मी सांगते.

आणखी एक गंमत. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेलं असेल, तर विंडोज बंद केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय त्याला अर्धवट झोपवते, आणि वायफायचं कार्ड कधीकधी त्याच अवस्थेत अडकतं. मग लिनक्स चालू केलं की कार्ड प्रतिसाद देत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करायचं. काहीच जमत नसेल तर तिथून शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये यायचं.

आता जिथे लिनक्सला खरोखर दोष दिला जातो तो भाग, म्हणजे ड्रायव्हर. हा जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक लोक हात टेकतात.

वायफायचं कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटातली एक छोटी पट्टी. ते कार्ड कोणाचं आहे हे बाहेरच्या कंपनीच्या नावावरून कळत नाही. लॅपटॉप एका कंपनीचा, आतलं कार्ड इंटेलचं, रिअलटेकचं, ब्रॉडकॉमचं, क्वालकॉमचं किंवा मीडियाटेकचं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही वेगवेगळी कार्डं असू शकतात. म्हणून "आमच्याकडे हाच लॅपटॉप आहे, आमचं चालतं" या सल्ल्याचा फारसा उपयोग नसतो. कार्डाचं नाव शोधायला एलएसपीसीआय ही आज्ञा आहे. तिला पुढे उणे चिन्ह देऊन एन एन के ही तीन अक्षरं जोडली तर नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत कार्डाचं नाव, कंसात त्याचा क्रमांक आणि खाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते दिसतं. ड्रायव्हरची ओळच नसेल तर आजार सापडला. यूएसबीला लावलेलं कार्ड असेल तर एलएसयूएसबी.

बरं, ड्रायव्हर म्हणजे काय आणि फर्मवेअर म्हणजे काय? ड्रायव्हर हा लिनक्समध्ये बसलेला दुभाषी. फर्मवेअर हा कार्डाच्या आत चालणारा कार्यक्रम. कार्ड स्वतःच एक छोटा संगणक असतो, आणि चालू होताना दर वेळी त्याला हा कार्यक्रम भरवावा लागतो. आता अडचण अशी की फर्मवेअर ही कंपनीची मालमत्ता असते. त्याचा मूळ मजकूर कंपनी उघड करत नाही. आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं असं, की जे आम्ही वाचू शकत नाही, सुधारू शकत नाही, ते आमच्या सीडीत आम्ही घालणार नाही. डेबियनसारखी संस्था अनेक वर्षं याच भूमिकेवर होती. त्यामुळे डेबियन बसवताना कितीतरी लॅपटॉपवर वायफाय चालायचं नाही आणि लोक वैतागायचे. शेवटी त्यांनी २०२२ मध्ये आपल्या सदस्यांचं मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालायला सुरुवात केली. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. तत्त्व आणि सोय यांत ओढाताण झाली आणि ती उघडपणे मतदानानं सुटली. दोष "फुकटच्या सिस्टिमचा" नव्हता. वाद होता कंपन्यांनी झाकून ठेवलेल्या एका तुकड्याचा.

उबुंटूमध्ये हे सोपं आहे. बसवताना एक चौकोन येतो, ग्राफिक्स आणि वायफायसाठी इतरांचं सॉफ्टवेअर टाकायचं का. त्यावर खूण करायची. विसरलात तर नंतर ॲडिशनल ड्रायव्हर्स नावाचं साधन आहे, मिंटमध्ये त्याला ड्रायव्हर मॅनेजर म्हणतात. फोन केबलनं जोडायचा, ते साधन उघडायचं, त्यात कार्डाचं नाव आलं की निवडायचं आणि रीस्टार्ट करायचं. ब्रॉडकॉमची बरीच जुनी कार्डं एवढ्यानंच चालू होतात. फर्मवेअर सापडलं नसेल तर डीमेसेज, म्हणजे डी, एम, ई, एस, जी ही आज्ञा लॅपटॉप सुरू झाल्यापासूनची नोंदवही दाखवते. तीत फर्मवेअरच्या ओळीपुढे फेल्ड दिसतं. उबुंटूत टर्मिनलवर ही आज्ञा देताना पुढे सुडो लावावं लागतं.

यात एक निळी स्क्रीन लोकांना फसवते. सिक्युअर बूट चालू असलेल्या लॅपटॉपवर असा ड्रायव्हर टाकला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं, मोक मॅनेजमेंट असं त्यावर लिहिलेलं असतं. घाबरून माणूस कंटिन्यू बूट दाबतो. मग ड्रायव्हर असूनही लोड होत नाही आणि पुन्हा तेच, "लिनक्सवर वायफाय लागत नाही." तिथे एनरोल निवडायचं, तोच पासवर्ड द्यायचा, झालं. पडदा वाचायचा. आपण मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगतो ना, तेच.

आता दुसरा आजार, यादीत आपलं नावच न दिसणं. याचा आमच्या शाळेतला अनुभव सांगते, कारण यात निदान एका मुलीनं केलं. शाळेचं नेट बंद होतं. एका सरांनी नव्या फोनचा हॉटस्पॉट लावला. सहा लॅपटॉप, सगळ्यांवर तेच लिनक्स मिंट. चारांना सरांचा फोन दिसतो, दोघांना दिसत नाही. सर म्हणाले, बघा, लिनक्सचं हे असंच. सहावीतली एक मुलगी दोन्ही लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, यांना सरांचा फोन दिसत नाही, पण तुमचा दिसतो." माझा फोन जुना. तिनं काय केलं बघा. लॅपटॉप तोच ठेवला, जागा तीच ठेवली, फक्त फोन बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकवतो, तिनं ते न सांगता वापरलं. सरांच्या फोनमध्ये बघितलं तर हॉटस्पॉटचा बँड ५ गिगाहर्ट्झ. त्या दोन लॅपटॉपची कार्डं फक्त २.४ ची. त्यांना ५ ची लहर दिसणारच नाही, रेडिओवर नसलेलं स्टेशन लागत नाही तसं. बँड २.४ केला आणि दोन्ही लॅपटॉपवर नाव आलं. त्या दोघांवर विंडोज टाकलं असतं तरी नाव आलं नसतं! दुकानदारानं स्वतःच्या जुन्या राऊटरवर चालवून दाखवलं असतं आणि आपण पैसे देऊन आलो असतो.

हा २.४ आणि ५ चा फरक पालकांनीही लक्षात ठेवावा. २.४ ची लहर भिंतीतून जास्त लांब जाते पण तिथे गर्दी फार. ५ ची वेगवान, पण जाड भिंत आली की दमते. दगडी बांधकामाच्या जुन्या शाळेत कार्यालयातल्या राऊटरचं ५ चं नेट टोकाच्या वर्गात मिळत नाही त्याचं कारण बहुधा हेच. आयफोनच्या हॉटस्पॉटमध्ये मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी नावाचं बटण असतं, ते लावलं की तो २.४ वर येतो. तसंच राऊटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असेल तर काही कार्डांना तो दिसत नाही, १, ६ किंवा ११ वर ठेवावा. आणि हॉटस्पॉटची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर जुन्या कार्डाला नाव दिसतं पण जोडता येत नाही. तिथे डब्ल्यूपीए२ ठेवून बघा.

पासवर्ड परत परत मागणं यात दोन वेगळे प्रकार आहेत. एकात वायफायचा पासवर्डच चुकलेला असतो. दुसऱ्यात खिडकी येते ती कीरिंग उघडण्यासाठी, म्हणजे पासवर्डांच्या पेटीची किल्ली मागणारी. मुलांच्या सोयीसाठी आपण लॅपटॉप पासवर्डशिवाय सुरू होईल असा ठेवतो, मग ती पेटी बंदच राहते आणि दर वेळी किल्ली मागते. वायफायच्या सेटिंगमध्ये हे जोडणं सर्व वापरकर्त्यांना उपलब्ध करा असा पर्याय असतो, तो लावला की खिडकी यायची थांबते. मात्र शाळेच्या वायफायचा पासवर्ड त्या लॅपटॉपवर उघडा राहतो हे समजून करा.

जोडलं गेलंय पण पान उघडत नाही, यात फार वेळ घालवत नाही. पिंग आज्ञेनं आधी राऊटर, मग बाहेरचा एखादा पत्ता, जसा गूगलचा ८.८.८.८, तपासायचा. राऊटरच उत्तर देत नसेल तर जोडणी कच्ची. राऊटर देतो पण बाहेरचं नाही, म्हणजे नेट कंपनीकडून बंद. आकड्यांचा पत्ता चालतो पण नावाचा नाही, म्हणजे डीएनएस. आणि लॅपटॉपची तारीख चुकीची असेल तर ब्राउझर सुरक्षित पानं उघडायला नकार देतो. जुन्या लॅपटॉपमधला घड्याळाचा सेल संपलेला असतो, तेव्हा तेही बघा. फोनच्या हॉटस्पॉटला किती उपकरणं लागतील याला मर्यादा असते, त्यामुळे शेवटच्या बाकावरचा लॅपटॉप लागत नसेल तर तो बिचारा निर्दोष असू शकतो.

दर पाच मिनिटांनी तुटत असेल तर वीजबचतीवर संशय घ्यायचा. बॅटरी वाचवायला लिनक्स वायफायच्या कार्डाला मधेमधे डुलकी घ्यायला लावतं, आणि काही कार्डं त्या डुलकीतून नीट जागी होत नाहीत. उबुंटूत नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं, त्याचे २ करायचे. म्हणजे डुलकी बंद.

काही जण म्हणतील, मॅडम, आम्ही शिक्षक आहोत, मेकॅनिक नाही. आधीच इतकी ऑनलाइन कामं, त्यात हे कोण करणार? हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं, पण अर्ध्याच भागापुरतं. ज्याला संगणकाची आवड नाही त्या शिक्षकावर हे लादू नये. प्रत्येक शाळेनं स्वतःचा तंत्रज्ञ व्हावं असंही माझं म्हणणं नाही. पण केंद्रात दहा-बारा शाळा असतात. त्यात हे जाणणारे दोघे जरी तयार झाले आणि शिक्षण परिषदेत अर्धा तास या कामाला मिळाला, तरी लॅपटॉप दुकानात जायचे थांबतील. आपण परिषदेत ॲपची लिंक कशी भरायची हे शिकतो, यंत्र कसं तपासायचं हे कुणी शिकवत नाही. माझी तक्रार तिथे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. काही कामं लिनक्सवर होत नाहीत. काही डिजिटल सहीची साधनं, काही जुने प्रिंटर आणि स्कॅनर विंडोजशिवाय अडतात. खरं आहे. म्हणून कार्यालयात एक लॅपटॉप परवान्याच्या विंडोजचा ठेवावा, त्यात काही कमीपणा नाही. मुलांच्या हातातल्या लॅपटॉपला मात्र ब्राउझर, लिबरऑफिस, चित्रं काढायला टक्स पेंट, गणिताला जिओजेब्रा आणि मराठी युनिकोड लागतं. ते सगळं लिनक्सवर आहे, फुकट आहे आणि कायदेशीर आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. केरळमध्ये सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. तिथली काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते, आणि २०१८ पासून लिटल काइट्स नावाचे विद्यार्थ्यांचे गट हायस्कुलांत आहेत. त्या मुलांकडे संगणकाचे फक्त वापरकर्ते म्हणून बघत नाहीत, यंत्राच्या आत काय चालतं तेही त्यांना शिकवतात. तिथे कार्डं काही वेगळी येत नाहीत. तीच रिअलटेक आणि तीच ब्रॉडकॉम. फरक एवढाच की अडलं तर विचारायला माणूस असतो.

आपल्या प्राथमिकच्या मुलांनाही हे झेपतं. आमच्या वर्गात लॅपटॉपची एक वही आहे. तारीख, लॅपटॉपचा नंबर, काय दिसलं, काय बदललं, मग काय झालं. एवढ्या पाच रकान्यांत मुलं लिहितात. शुद्धलेखनाच्या दृष्टीनं त्या वहीची अवस्था बिकट आहे, "हाटस्पाट" असंच लिहिलेलं असतं, पण निरीक्षण इतकं नेमकं असतं की मला माझ्या विज्ञानाच्या वह्यांत ते मिळत नाही. एक नियम मात्र कडक आहे. इंटरनेटवर सापडलेली, सुडोनं सुरू होणारी आज्ञा अर्थ कळल्याशिवाय द्यायची नाही. सुडो म्हणजे घराची सगळी कुलपं उघडण्याची परवानगी. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती देत नाहीत, हे पोरांना बरोबर कळतं. मोठ्यांना समजावताना जास्त वेळ लागतो.

आणि इतकं करूनही एखादं कार्ड हट्टी निघतं. तेव्हा त्याच्या मागे महिना घालवू नये. यूएसबीला लावायचं छोटं वायफाय आणावं, पण तेही बघून. स्वस्तातल्या काही डोंगलचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये नसतो, बाहेरून आणून बसवावा लागतो आणि पुढच्या अपडेटला पुन्हा बिघडतो. काही डोंगल तर लावल्यावर आधी सीडी असल्याचं सोंग घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. दुकानात लॅपटॉप घेऊन जा, तिथेच लावा, यादी दिसली तरच पैसे द्या.

हेच देणगीच्या लॅपटॉपलाही लागू आहे. लोक देतात त्याचं आपण मनापासून आभार मानतो, हार-नारळ होतो, फोटो निघतो, आणि आठवड्यानं कळतं की सहापैकी तीनला वायफाय नाही. त्यापेक्षा आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या, त्यावर उबुंटू किंवा मिंटची लाइव्ह प्रत करून ठेवा. लॅपटॉपमध्ये काही न टाकता, आतलं काही न पुसता त्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू होतं. देणगीदारांकडे किंवा जुन्या सामानाच्या दुकानात तो घेऊन जा. फोनचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवा. पाच मिनिटांत कळतं की यादी दिसते का, जोडलं जातं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का. शाळा व्यवस्थापन समितीतले एखादे पालक बरोबर न्या, त्यांनाही हे एकदा डोळ्यांनी बघू द्या. पुढच्या वेळी ते आपल्या मुलासाठी लॅपटॉप घ्यायला जातील तेव्हा तो पेनड्राइव्ह मागायला तुमच्याकडेच येतील.